बंद दाराआडचं इंग्रजी

एकोणीसशे चौसष्ट साली आमच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला आठवीच्या वर्गाचं दार आतून बंद असायचं. बाकी सगळ्या वर्गांची दारं सताड उघडी, एवढं एकच बंद. व्हरांड्यातून जाणाऱ्याला वाटायचं, आत कुणाला तरी शिक्षा चालली आहे.

आत आम्ही मुली बाकांमधे उभ्या राहून हवेत इस्त्री फिरवत असायचो.

"मस्ट!" बाई म्हणायच्या, आणि सगळ्यांची उजवी मूठ डाव्या तळहातावर दाबली जायची. गत्यंतर नाही, केलंच पाहिजे.

"कॅन!" मूठ उचलायची, कोपरापासून, जड इस्त्री उचलतात तशी. जमतं, अंगात ताकद आहे.

"शुड!" उघडा तळहात मनगटापासून बोटांपर्यंत एका दिशेनं फिरवायचा, चुणी मोडतात तसा. कुणी जबरदस्ती केलेली नाही, पण केलं तर बरं.

"माइट!" म्हटलं की हशा पिकायचा. जिभेनं बोट ओलं करायचं आणि न दिसणाऱ्या इस्त्रीला हळूच टेकवून बघायचं. तापली असेल, नसेलही. खात्री नाही.

तोपर्यंत आम्ही सगळ्याजणी कुठंही 'कॅन' घुसवायचो. आपल्या बोलण्यात हे सगळं क्रियापदाच्या पोटात शिरून बसलेलं असतं; करता येईल, करावं, करावंच लागेल. इंग्रजीत ते बाहेर काढून वेगळं उभं करायचं म्हणजे आमची पंचाईत व्हायची. भिंगरी तर एकदा उठून म्हणाली होती, "बाई, आय मस्ट कॅन गो." भिंगरी म्हणजे माझ्या शेजारी बसणारी मुलगी. तिला एका जागी बसवत नसे, म्हणून हे नाव.

"अगं, एका सदऱ्यावर एका वेळी दोन इस्त्र्या चालवतं का कुणी?" बाई म्हणाल्या.

"नाही बाई. सदरा जळंल."

"मग वाक्य कशाला जाळतेस? एकच धर. आणि पुढचं क्रियापद सपाट हवं, 'एस' नको की 'ईडी' नको. इस्त्री फिरली की मागे शेपूट राहत नाही."

एवढं ऐकल्यावर भिंगरीनं 'मस्ट'च्या पुढच्या क्रियापदाला पुन्हा कधी शेपूट लावलं नाही. आम्हीही नाही.

या बाई म्हणजे माझी सख्खी आत्या. वडिलांची नोकरी फिरतीची, म्हणून मला शाळेसाठी त्या वर्षी आत्याकडे ठेवलं होतं. दोन खोल्यांच्या त्या घरात आम्ही तिघंच, मी, आत्या आणि आत्याचे वडील, म्हणजे माझे आबा. आबांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे बोलणंही नव्हतं. पोरवयापासून ते गावाच्या दुसऱ्या टोकाच्या लॉन्ड्रीत इस्त्री करत होते. आजी लवकर गेली. मग बाप, मुलगा म्हणजे माझे वडील, आणि मुलगी यांनी मिळून हातांची एक भाषा केली, ती अर्थातच लॉन्ड्रीतून आली. दुसरं जग आबांनी पाहिलंच कुठं होतं? परवानगी हवी तर तळहात उताणा करून पुढे सरकवायचा, गिऱ्हाइकाकडून कपडे घेताना सरकवतात तसा. भलतं काही करू नको म्हणायचं तर चटका बसल्यासारखा हात मागे घ्यायचा. आणि गरज नाही, राहू दे, असं म्हणायचं तर चुणी नसलेला कपडा बाजूला टाकावा तशी बोटं नुसती झटकायची.

म्हणून पहिल्याच दिवशी वर्गात बाईंची मूठ तळहातावर दाबलेली पाहिली आणि मी खुदकन हसले. सकाळीच आबांनी मला त्याच मुठीनं दूध प्यायला लावलं होतं. आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं की हसू तिथंच विरलं.

घरी आल्यावर मी म्हटलं, "आत्या, ते हात तर आबांचे—"

"शाळेत मी बाई. आणि घरी शाळेचा विषय नको."

"पण आबांना सांगू ना? त्यांना केवढी गंमत वाटेल!"

"त्यांना ठाऊक आहे." आत्या पिशवीतून वह्या काढत होती, तशीच थांबली. "'शुड' काही केल्या सुचत नव्हता मला. एक आठवडा डोकं खाजवलं. शेवटी त्यांनाच विचारलं, की करच असं नाही, पण करावं, हे कसं सांगाल? त्यांनी टेबलावरच्या चादरीवरून हात फिरवला. झालं."

"मग शाळेत का नाही सांगायचं?"

"लहानपणी मला गल्लीत सगळे 'मुक्याची' म्हणायचे. माझं नाव होतं की नाही, कुणाला पडलेली नव्हती. आता बाई म्हणतात. तेवढं राहू दे ना बाळा."

शिक्षकांच्या खोलीत तिनं वडिलांबद्दल काय सांगितलं होतं मला ठाऊक नाही. बहुतेक काहीच नसावं. एकदा मात्र मी पाहिलं. शाळा सुटल्यावर आत्या शाळेतल्या दुसऱ्या दोन शिक्षिकांबरोबर बाजाराच्या रस्त्यानं चालली होती, मी चार पावलं मागे. समोरून आबा येत होते, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं. आत्याची चाल अडखळली. पण तिला काही करावंच लागलं नाही. आबांनी तिला आधी पाहिलं होतं. ते शांतपणे बाजूच्या बोळात वळले, जणू त्यांना तिथंच जायचं होतं.

त्या रात्री जेवताना दोघंही एकमेकांना जास्तच वाढत होती.

आत्याची नेमणूक खरी पहिलीच्या वर्गावर होती. आधीच्या इंग्रजीच्या बाई मधेच नोकरी सोडून गेल्या आणि आत्याचं इंग्रजी चांगलं म्हणून आठवीचा वर्ग तिच्याकडे आला, तोही तात्पुरता. तिच्याकडे पदवी नव्हती. पुढं काय ते तपासणीला येणारे साहेब ठरवणार होते. त्यांचं मत चांगलं पडलं तर वरचे वर्ग कायमचे तिचे, नाहीतर पुन्हा पहिली. यात नुसत्या मानाचा प्रश्न नव्हता. कोळशाच्या धुरानं आबांची छाती भरून यायची, रात्री ते भिंतीला टेकून झोपायचे. डॉक्टरांनी इस्त्री सोडा म्हणून केव्हाच सांगितलं होतं. आत्या वरच्या वर्गांची बाई झाली असती तर तिनं दुसऱ्याच दिवशी त्यांना घरी बसवलं असतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी आबांनी आत्याचा रुमालसुद्धा इस्त्री केला. तो तिच्या हातात देताना त्यांनी मूठ कोपरापासून उचलून दाखवली. जमेल तुला.

साहेब आले ते बुटके, गोरटेले, करड्या सुटातले. डोक्यावर एक केस नाही आणि टक्कल असं चकचकीत की खिडकीचं तावदान त्यात दिसावं. रागीट वगैरे मुळीच नव्हते. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, त्यांच्या मागोमाग आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या. दार उघडंच राहिलं.

"बसा मुलींनो," साहेब म्हणाले. "हाताची घडी घाला पाहू सगळ्यांनी."

आम्ही घड्या घातल्या, आणि वर्ग मुका झाला.

मला ते आजही सांगता येत नाही नीट. येत होतं सगळं. पण शब्द हातात होते, आणि हात काखेत दाबलेले. साहेबांनी एकीला उभं केलं, दुसरीला उभं केलं. दोघी खाली बघत राहिल्या. आत्या फळ्याजवळ उभी होती, हातातल्या रुमालाचा बोळा झाला होता. "त्यांना हात मोकळे करू द्या" एवढं ती म्हणाली असती तरी काम झालं असतं. पण मग का, ते सांगावं लागलं असतं.

साहेबांनी भिंगरीला उठवलं. विचारलं, बाहेर ढग आले आहेत, पाऊस येईल की नाही नक्की ठाऊक नाही. तर इंग्रजीत कसं म्हणशील?

भिंगरीचे ओठ हलले. मग तिचा उजवा हात घडीतून सुटला. तिनं बोट जिभेला लावलं आणि पुढं केलं, आणि समोर, बरोबर बोटाच्या रेषेत, साहेबांचं डोकं होतं. तापली आहे की नाही बघावं तसं तिनं ते बोट हवेत टेकवलं.

"इट माइट रेन," ती म्हणाली. उत्तर अगदी बरोबर होतं.

पण ते कुणी ऐकलंच नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळा वर्ग. साहेबांचा चेहरा डोक्यापर्यंत लाल झाला.

"ही काय चेष्टा चालवली आहे?"

"चेष्टा नाही साहेब," भिंगरी घाबरून म्हणाली. "आम्हाला असंच शिकवलंय. बाईंनी."

साहेब आत्याकडे वळले. "हे तुम्ही शिकवलंत?"

मोठ्या बाई दारातून आत्याकडे बघत होत्या. आम्ही सगळ्या बघत होतो. भिंगरी तर असं तोंड करून बघत होती की आता झालंच, बाई सांगतील.

"नाही," आत्या म्हणाली. "मी असलं काही शिकवत नाही. ती मुलगी आधीपासूनच वांड आहे."

माझी मान आपोआप खाली गेली. भिंगरीचा हात अजून तसाच पुढं होता. मोठ्या बाईंनी येऊन तो दंडाला धरून खाली केला आणि तिला बाहेर नेलं. "उद्या आईला घेऊन यायचं. नाहीतर यायचंच नाही," एवढं ऐकू आलं.

पुढचं सगळं सुरळीत झालं. आत्यानं धडा वाचून घेतला, स्वतः सुंदर वाचून दाखवला. साहेब शांत झाले. जाताना म्हणाले, "मुली जरा बुजतात. पण तुमचा उच्चार स्वच्छ आहे, आणि मुख्य म्हणजे शिस्त आहे. तसं मी कळवतो."

मोठ्या बाई व्हरांड्यात आत्याचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "चला, आता वरचे वर्ग तुमचेच! तोंड गोड करा आमचं."

घरी येईपर्यंत आत्या माझ्यापुढं भराभर चालत होती.

आबा त्या दिवशी लवकर आले होते. स्वच्छ सदरा घालून खुर्चीत बसले होते, पाहुणे येणार असल्यासारखे. आत्या आत आली तसे ते उठले. भुवया वर केल्या. मग स्वतःचे दोन्ही हात तिच्यापुढं धरले, उलटे, सुलटे. चालले का हे?

आत्यानं पिशवी ठेवली, रुमाल ठेवला. तिला खोटं सांगता आलं असतं. तोंडानं तिनं दुपारीच सांगितलं होतं. पण हातांनी तिला ते येत नसावं. तिनं आबांच्या हातांकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीकडे, आणि मान हलवली. हे माझे नाहीत, असं मी म्हणाले. मग भिंगरीचं सांगितलं. ओलं बोट, हसणं, दंड धरून बाहेर. तिचे हात इतके सावकाश हलताना मी कधी पाहिले नव्हते.

आबांनी आपले हात स्वतःपुढं धरून पाहिले. बोटांच्या पेरांवर जुन्या चटक्यांचे गुळगुळीत डाग होते. त्यांनी ते हात सदऱ्याला पुसले, काही लागलेलं नसताना. मग बोटं झटकली. राहू दे.

आत्यानं मूठ तळहातावर दाबली.

आबांनी पुन्हा बोटं झटकली, जरा जोरात. मग मोठ्या बाईंची ऐटबाज चाल करून दाखवली, वरचा वर्ग म्हणून हात उंच नेला आणि आत्याकडे बोट केलं. तुझं झालं ना काम? राहू दे. एवढ्यात त्यांना खोकला आला आणि ते खुर्चीत बसले.

आत्या त्यांच्या पायाशी बसली. मूठ तिनं उचललीच नाही. दाबून दाबून तिची बोटं पांढरी पडली होती.

सकाळी ती मला म्हणाली, "त्या मुलीचं घर दाखव."

भिंगरीची आई दारात उजेडाला बसून काजं-बटणं करत होती. आत्याला पाहून ती घाईघाईनं उठली, मांडीवरचे सदरे खाली घसरले.

"बाई, तुम्ही कशाला आलात? मी येणारच होते शाळेत माफी मागायला."

"माफी मागायला मी आलेय," आत्या म्हणाली. "तिनं काही केलं नाही. मी शिकवलं तेच तिनं केलं. मी साहेबांना खोटं सांगितलं."

भिंगरीच्या आईला ते पटकन उमगेना. दोऱ्याचं रीळ हातात धरून ती उभीच राहिली.

"म्हणजे ती वांड नाही?"

"नाही."

"काल ती मला रडत रडत हेच सांगत होती," ती म्हणाली. "आणि मी तिला आणखी मारलं, बाई. म्हटलं, एक तर चेष्टा करतेस, वर बाईंवर ढकलतेस? शिकलेल्या माणसाचं खरं धरायचं नाही तर कुणाचं धरायचं आम्ही?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. आत्या उंबऱ्याबाहेर उभी होती, तिथल्या तिथे तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिनं ते पुसलं नाही. आत, पडद्याआड, भिंगरी होती. तिचे पाय दिसत होते. ते मुळीच हलत नव्हते.

त्या दिवशी इंग्रजीच्या तासाला दार उघडं राहिलं. आत्यानं मोठ्या बाईंना मुद्दाम बोलावून आणलं. भिंगरी जागेवर बसली होती, डोळे सुजलेले.

"काल मी खोटं बोलले," आत्या आपल्या नेहमीच्या वर्गातल्या आवाजात म्हणाली. "हे हात मीच शिकवते. ते माझ्या वडिलांचे आहेत. माझ्या वडिलांना ऐकू येत नाही, बोलता येत नाही. ते लॉन्ड्रीत इस्त्री करतात. मला त्याची लाज वाटायची. आता लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची." मग ती भिंगरीकडे वळली. "मुली, मला क्षमा कर."

भिंगरी उठली. "हो बाई," म्हणाली, आणि खाली बसली. बसल्यावर तिनं हाताची घडी घातली.

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. नंतर व्हरांड्यात त्या म्हणाल्या, "अहो, पण हे मला एकटीला सांगायचं होतंत! सगळ्या मुलींदेखत कशाला?"

"मी नाकारलं ते सगळ्यांदेखतच," आत्या म्हणाली.

मोठ्या बाईंना ते साहेबांना कळवावं लागलं. पुढल्या महिन्यात पदवीवाल्या नवीन बाई आल्या आणि आत्या पहिलीच्या वर्गावर परत गेली. तोवर ती आम्हाला उघड्या दारानं शिकवत राहिली, हातांनीच. सगळ्या वर्गाच्या मुठी उठायच्या, दाबल्या जायच्या. भिंगरीची घडी कधी सुटली नाही. विचारलं तर ती बरोबर उत्तर द्यायची, नुसत्या तोंडानं. आत्या दर वेळी तिच्या बाकाशी जरा थांबायची आणि पुढच्या बाकाकडे जायची.

आता त्यातलं कुणीच जवळ नाही. मोठ्या बाई निवृत्त होऊन भावाकडे गेल्या आणि तिथंच वारल्या. साहेब पुन्हा कधी आले नाहीत. त्यांना ते टक्कल आणि ते बोट आठवत राहिलं असेल का, कोण जाणे. आबा त्यानंतरही बरीच वर्षं इस्त्रीपुढं उभे राहिले, छाती साथ देईपर्यंत. संध्याकाळी आत्या शाळा सुटली की लॉन्ड्रीवर जायची, त्यांचं गाठोडं उचलायची आणि दोघं बाजाराच्या भर रस्त्यानं हातवारे करत घरी यायची. गाठोडं तिच्या खांद्यावर असल्यामुळे तिला एकाच हातानं बोलावं लागे. ते गेल्यावर ती घरात फार गप्प झाली. मी सुट्टीत गेले की आम्ही दोघी थोडं हातांनी बोलायचो, पण माझे हात कच्चे. पहिलीच्या मुलांना शिकवता शिकवताच ती निवृत्त झाली. तिच्या शेवटच्या आजारपणात तिनं मला एकदाच भिंगरीबद्दल विचारलं, "ती बरी आहे ना गं?" मी हो म्हटलं. ठाऊक नव्हतं मला.

भिंगरी टेलिफोन एक्स्चेंजमधे लागली होती. मला ती भेटली फार उशिरा, दोघींचे केस पांढरे झाल्यावर, एका लग्नाच्या गर्दीत. तिनंच मला ओळखलं. आम्ही कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो. सूनबाई, गुडघे, रक्तदाब, सगळं बोलून झालं. एक्स्चेंजमधे परदेशचे कॉल तीच घ्यायची म्हणाली, साहेब लोक तिचं इंग्रजी ऐकून चकित व्हायचे. आत्या गेल्याचंही मी सांगितलं.

"भली बाई होती," ती म्हणाली. "माझ्यासारख्या पोरीची सगळ्या वर्गापुढं माफी मागितली. कोण मागतं? मी तेव्हाच सोडून दिलं होतं सगळं."

"तिनं नाही सोडलं," मी म्हटलं.

"हं." ती टेबलाकडे बघत होती. "पण त्या दिवशीच खरं सांगायला हवं होतं गं तिनं."

आणि हे म्हणताना तिचा उजवा तळहात टेबलावरच्या कापडावरून फिरला, मनगटापासून बोटांपर्यंत, एका दिशेनं, सावकाश. कापडाला एकही चुणी नव्हती.

मी पाहिलं, ते तिला दिसलं. तिनं हात उचलला आणि हाताची घडी घातली.